पडून राहिलेली एमजीबी पुन्हा रस्त्यावर आणताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये मराठी इंजिनिअरांची वानवा नाही, आणि इंजिनिअर माणसाला ताडपत्रीखाली झाकलेली गाडी दिसली की त्याचे हात शिवशिवतात. त्यातून ती एमजीबी, म्हणजे एमजीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, असली तर विचारूच नका. शेजारचे आजोबा गेले, मुलांना गॅरेज रिकामं करायचंय, ‘घेऊन जा हो’ म्हणाले, अशा वाटेने आलेल्या गाड्यांबद्दल दिवाळीच्या फराळाला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो: पडून राहिलेली गाडी आधी थांबती करायची, मग चालती, आणि देखणी सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

एमजी म्हणजे आपल्याकडे हेक्टर विकतात तीच ना?

नाव तेच, घराणं वेगळं. हेक्टर गुजरातेत हलोलला बनते आणि तो ब्रँड आता सैक या चिनी कंपनीचा आहे. एमजीबी बनली ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनला, १९६२ ते १९८० या काळात. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, मागच्या चाकांना ताकद. उघडी रोडस्टर आधी आली, मागे काचेचं दार असलेली जीटी १९६५ मध्ये. सगळ्या मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. या आकड्याचा तुम्हाला थेट फायदा असा की आजही हिचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो. १९८८ पासून तर जुन्याच साच्यांवर काढलेला अख्खा नवा बॉडीशेलही मिळू लागला. पहिल्यांदाच जुनी गाडी उघडणार असाल तर हिच्यासारखी दुसरी नाही.

१९७४ च्या शेवटी अमेरिकी नियमांसाठी क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी आले आणि गाडी उंचही झाली. क्रोमवाल्या गाड्यांना भाव जास्त. रबरीवाल्यांना नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतील. तुम्हाला गाडी चालवायचीच असेल तर तिकडे लक्ष देऊ नका.

चार्ज केलेली बॅटरी लावून एकदा सेल मारून बघितला तर काय बिघडतं?

बरंच काही. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा थर असेल तर पिस्टनच्या रिंगा त्यावर घासून तुटू शकतात. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेला असेल तर त्याचा पुशरॉड वाकतो. ऑइल पंप कोरडा असतो, त्यामुळे बेअरिंगवर तेल पोहोचायच्या आत इंजिन फिरू लागतं. टाकीच्या तळाशी साचलेला लाल गाळ पंपातून कार्बोरेटरपर्यंत जातो तो वेगळाच. आणि समजा झालीच सुरू, तर ब्रेक नसलेली गाडी गॅरेजात सुरू झाली. ‘फक्त आवाज ऐकायचाय’ म्हणून केलेली ही घाई महागात पडते.

मग सुरुवात कुठून करायची?

टॉर्च आणि जाड टोचा घेऊन गाडीखाली. एमजीबीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग हे सगळं दुय्यम आहे. पत्रा गेला असेल तर गाडी गेली.

सगळ्यात महत्त्वाच्या जागा म्हणजे सिल, दारांखालून पुढच्या चाकामागून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या पोकळ पेट्या. बाहेरून दिसतो तो फक्त एक पत्रा. त्याच्या आत उभा मधला पत्रा, त्याच्या आत आणखी एक, आणि खाली किल्ल्याच्या तटासारखा आकार असलेली पट्टी, जिला इथले लोक कॅसल रेलच म्हणतात. बाहेरचा पत्रा नवा बसवून रंग दिला की आतला मधला पत्रा कुजून भुगा झालाय हे वर्षानुवर्षं कळत नाही. असली वरवरची डागडुजी ऐंशीच्या दशकात सर्रास व्हायची, कारण तेवढ्यावर एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यालायक आहे का याची इथली तपासणी निभावून जायची.

तपासायची साधी रीत: दार लावा आणि दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बघा. मग सिलच्या मधोमध असलेल्या जॅकच्या जागी जॅक लावून हळूहळू उचला. फट कमी-जास्त व्हायला लागली किंवा दार उघडताना अडकू लागलं, तर गाडी मधून वाकतेय. जॅकच आत घुसला तर पुढचं काही बघायची गरज नाही, उत्तर मिळालं.

त्यानंतर मागच्या चाकापुढचा पंखाचा (मडगार्डचा) खालचा कोपरा, पुढच्या पंखाचा खालचा भाग, सीटमागच्या झाकणाखालची बॅटरीची खोकी आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकाचे आधार बघा. पुढच्या चाकाच्या कमानीत आतल्या बाजूला एक आडवा पत्रा असतो. त्याच्यामागे चिखल साचतो आणि तिथूनच सिलच्या तोंडाला कीड लागते. तिथे बोट घालून बघा. मूठभर ओली माती निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

सिल बदलायचे असतील तर स्वतः करावे का?

वेल्डिंग येत असेल तर करता येतात, पण रोडस्टरला छत नाही हे विसरू नका. सिल कापला की पुढचा आणि मागचा भाग जोडणारं काहीच उरत नाही आणि गाडी मधून बसते. म्हणून कापायच्या आधी दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, लोखंडी चौकोनी नळी आडवी वेल्ड करून घ्यायची. गाडी अशा आधारावर ठेवायची की तिचं वजन नेहमीच्याच जागी येईल. एका वेळी एकच बाजू. आणि प्रत्येक टप्प्याला दार लावून फट बघायची. हे न करता बनवलेली गाडी चकचकीत दिसते, पण दार लागत नाही, आणि ते दुरुस्त करायचं म्हणजे सगळं पुन्हा कापायचं.

माझे पुण्याहून आणलेले पाने चालतील?

नाही. सगळे नट-बोल्ट इंचातले आहेत. अर्धा इंच, नऊ सोळांश, सात सोळांश एवढे पाने घेतले तरी निम्मं काम होतं. १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर ‘बसल्यासारखा’ वाटतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करतो. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री तेल सोडा, तरी नाही हलला तर उष्णता द्या. नुसता जोर लावलात तर बोल्ट तुटेल.

कागदपत्रं नाहीत. गाडी घ्यावी का?

गाडी तुमचीच आहे हे सिद्ध होत असेल तर घ्या. नोंदणीचं पुस्तक, म्हणजे व्ही-५सी, हरवलं असेल तर डीव्हीएलए या इथल्या वाहन नोंदणी खात्याकडे अर्ज करून नवं मिळतं. त्याआधी इंजिनच्या कप्प्यातल्या पट्टीवरचा चासी नंबर नीट वाचून घ्या. रोडस्टरचा नंबर जीएचएनने सुरू होतो, जीटीचा जीएचडीने. रोडस्टर म्हणून विकली जाणारी गाडी जीएचडी निघाली तर कुणीतरी जीटीचं छप्पर कापलंय. गाडीचा मूळ रंग, इंजिन नंबर, बनल्याची तारीख हे सगळं गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून प्रमाणपत्राच्या रूपात मिळतं. त्याला थोडे पैसे पडतात, पण ते वाया जात नाहीत.

काम चालू असेपर्यंत गाडी रस्त्याबाहेर असल्याची नोंद, सॉर्न, करून ठेवा. नाहीतर विमा नसल्याबद्दल दंडाची पत्रं यायला लागतात.

टाकीतल्या पेट्रोलचं काय?

ते पेट्रोल राहिलेलं नसतं. झाकण उघडलं की जुन्या वार्निशचा वास येतो. काढून टाका आणि नगरपालिकेच्या कचरा केंद्रावर द्या, नाल्यात नको.

टाकी उतरवल्याशिवाय तिचा भरवसा धरू नका. एमजीबीची टाकी वरून कुजते. टाकीचा माथा आणि डिकीचा तळ यांच्यामध्ये चिंचोळी जागा आहे. चाकांनी उडवलेला मिठाचा चिखल तिथे जाऊन बसतो आणि वाळतच नाही. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याचा हा प्रसाद. खालून टाकी धडधाकट दिसते, आणि पूर्ण भरली की डिकीत पेट्रोलचा वास सुटतो. नवी टाकी परवडण्यासारखी असते. जुनीला आतून लेप देण्याच्या भानगडीत मी पडत नाही, कारण तो लेप पुढे सुटून नळीत अडकू शकतो.

सगळ्या रबरी नळ्या बदला, आणि इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या. कार्बोरेटर बसतात ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या थेट वर, मध्ये फक्त उष्णतारोधक पत्रा. तिथे एक थेंब गळला तर तो तापलेल्या लोखंडावर पडतो. गाडीत आग विझवायचं सिलिंडर ठेवा, शोभेसाठी नव्हे.

चावी फिरवली पण मागून टकटक येत नाही.

हा एसयूचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप. बसतो मागच्या उजव्या चाकाच्या पुढे. चावी फिरवली की तो भराभर टकटकतो, कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की गप्प होतो, आणि मग अधूनमधून एखादी टक. वर्षानुवर्षं पडून राहिला की त्याच्या आतले पॉइंट काळे पडतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने अंगावर हलकी टिचकी मारली की बऱ्याचदा जागा होतो. हा उपाय घरी पोहोचण्यापुरता. पॉइंट घासून किंवा बदलून घ्या.

पंप थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे, कुठे हवा ओढली जातेय, किंवा पेट्रोल बाहेर गळतंय. शेवटची शक्यता आधी तपासा.

इंजिन जाम आहे. हाताने जोर लावूनही फिरत नाही.

घाबरू नका, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जबरदस्ती करू नका. चारी प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ ऑइल मिसळून थोडं थोडं सोडा. चार-आठ दिवस तसंच राहू द्या, मधूनमधून आणखी घाला. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी किंचित पुढे, किंचित मागे ढकलून बघा. केसभर हलली तरी पुष्कळ. त्या केसभराचे हळूहळू चार बोटं होतात.

सुटल्यावर लगेच सेल मारू नका. वरचं झाकण काढा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवत आठही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्या) बघा. सगळे खालीवर झाले पाहिजेत. एखादा खाली जाऊन तिथेच बसला तर तो व्हॉल्व्ह अडकलाय. त्याच्या दांडीवर तेल सोडून, हलके ठोके देत मोकळा करा. टॅपेटची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली, फट ०.०१५ इंच ठेवा, ती नेहमीचीच.

ठीक, आता तरी सुरू करू?

या क्रमाने. जुनं ऑइल काढा, फिल्टर बदला, नवं २०डब्ल्यू-५० घाला, सव्वाचार लिटरच्या आसपास लागतं. रॉकरवर आणि पुशरॉडच्या भोकांतून ऑइल ओता, कॅमशाफ्टवर ते पोहोचलं पाहिजे. प्लग काढलेलेच ठेवून सेल मारा, दहा-दहा सेकंदांचे टप्पे, आणि डॅशबोर्डवरचा ऑइलच्या दाबाचा काटा बघत राहा. काटा उठला की थांबा. उठलाच नाही तर पंपाने हवा धरलीय. फिल्टरकडे जाणारी नळी सैल करून पंपात ऑइल भरा आणि पुन्हा प्रयत्न करा. काटा उठल्याशिवाय प्लग बसवायचे नाहीत.

कूलिंगकडे लोक बघतच नाहीत. रेडिएटर धुतात, पण ब्लॉकमध्ये मागच्या सिलिंडरभोवती साचलेला गाळ तसाच राहतो. ब्लॉकच्या बाजूची पाणी सोडायची तोटी उघडा. काहीच आलं नाही तर पाणी संपलं म्हणून आनंद मानू नका, गाळाने तोंड बंद झालंय. तार घालून मोकळं करा आणि लाल पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवा.

पहिल्यांदा टाकीतून नको, एका स्वच्छ कॅनमधून पंपाला पेट्रोल द्या. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासा, गॅप ०.०१५ इंच, कंडेन्सर बदला. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, वायरी लावताना हमखास चुकते. कार्बोरेटरच्या डोक्यावरची काळी टोपी काढून आत ऑइल भरा. नाहीतर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी आचके देते आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

सुरू झाली की निळा-पांढरा धूर भरपूर निघेल. सिलिंडरमध्ये ओतलेलं तेल जळतंय ते. गॅरेजचं दार उघडं असू द्या. इंजिन तापल्यावर चालत्या गाडीत ऑइलचा दाब चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि आयडलला १० ते २५ असेल तर तळाकडचा भाग ठणठणीत आहे, खोलू नका. चांगल्या इंजिनाला ‘आता काढलंच आहे तर’ म्हणून उघडणं हा आपल्या इंजिनिअर मंडळींचा खास रोग.

बॅटरी उलटी लावली तर?

हे विचारलंत ते बरं केलंत. १९६७ च्या शरदापर्यंतच्या एमजीबींना पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या अंगाला. नंतरच्या गाड्यांना आपल्या ओळखीचं ऋण टोक. त्यात कुठल्या मालकाने मधेच बदल करून ठेवलेला असतो. आधी बघा, मग जोडा. डायनॅमोवाली जुनी गाडी एखादवेळी माफ करेल, अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन लगेच जळतील. बऱ्याच गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यांच्या जागी बारा व्होल्टची एकच लावायला हरकत नाही.

या गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या ल्यूकस कंपनीच्या वायरिंगची टिंगल जगभर चालते, पण निम्मा दोष गंजलेल्या अर्थच्या जोडांचा असतो. प्रत्येक काळी वायर जिथे अंगाला लागते तिथे पत्रा घासून चकचकीत करा. वायरींचे रंग ठरलेले आहेत: तपकिरी कायम चालू आणि फ्यूजशिवाय, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून, जांभळी कायम चालू पण फ्यूजमधून. तपकिरीवर काम करायचं तर आधी बॅटरी सोडा. मागच्या मालकाने रेडिओसाठी ओढलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली वायर दिसली की ती उपटा.

ब्रेक दाबतोय तर लागताहेत. तरी सगळं बदलायचं?

हो, सगळं. या एका बाबतीत मी काटकसर मान्य करत नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. पडून राहिलेल्या गाडीत ते ओलं ऑइल मास्टर सिलिंडरच्या, पुढच्या कॅलिपरच्या आणि मागच्या ड्रममधल्या सिलिंडरच्या पोटात गंजाचे खड्डे पाडतं. मग तुम्ही येता आणि पेडल तळापर्यंत दाबता. मास्टर सिलिंडरचं रबर रोज फिरायचं त्या जागेपलीकडे, गंजलेल्या भागावर जातं आणि फाटतं. दोन दिवस ब्रेक लागतात, तिसऱ्या दिवशी उतारावर पेडल जमिनीला टेकतं. सुरुवातीच्या गाड्यांत चारी चाकांना मिळून एकच सर्किट आहे. ते गेलं की उरतो फक्त हँडब्रेक.

रबरी नळ्या तीन: पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागच्या अ‍ॅक्सलला एक. बाहेरून काळ्या कुळकुळीत दिसतात, आतून सुजून भोक बंद होतं. अशी नळी पायाच्या जोराने ऑइल पुढे जाऊ देते, परत मात्र येऊ देत नाही. लक्षण असं की ब्रेक सोडल्यावरही एक चाक जड फिरतं आणि थोड्या अंतरानंतर त्याच्या डिस्कला हात लावला तर चटका बसतो. लोक कॅलिपर बदलतात आणि दोष नळीत असतो.

लोखंडी नळ्यांऐवजी तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या घ्या, त्या गंजत नाहीत. मागचे ड्रम निघत नसतील तर मागच्या प्लेटवरचा चौकोनी डोक्याचा अ‍ॅडजस्टर आधी सैल करा. तोही गच्च असेल, तेल सोडा, वाट बघा. कॅलिपरचे दोन अर्धे एकमेकांपासून खोलू नका, पिस्टन तसेच काढता येतात. शेवटी नवं डॉट-४ ऑइल, आणि यापुढे दर दोन वर्षांनी ते बदलायचं.

क्लच दाबला तरी गिअर पडत नाही.

प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलीय. इंजिन गरम करा, बंद करा, मोकळ्या मैदानात दुसऱ्या गिअरमध्ये टाका, क्लच पूर्ण दाबून ठेवा आणि सेल मारा. गाडी तशीच पुढे निघेल. क्लच दाबलेलाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर द्या, सोडा, द्या, सोडा. खट्‌ आवाज करून सुटते. ब्रेकचं काम पूर्ण झाल्यावरच हा प्रयोग, हे वेगळं सांगायला नको. नाहीच सुटली तर इंजिन बाहेर काढावं लागतं, या गाडीत दुसरा मार्ग नाही. काढलंच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही नवे घाला.

टायरना भरपूर नक्षी आहे. ठेवू?

नको. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ‘१४०८’ म्हणजे २००८ चा चौदावा आठवडा. चारऐवजी तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे. तो गाडी ढकलत गॅरेजबाहेर काढण्यापुरता.

तारांच्या चाकांतून निघताना ‘खट्ट’ आवाज येतो.

चाक ज्या दातेरी हबवर बसतं त्याचे दाते झिजलेत. दाते टोकदार दिसत असतील तर हब आणि चाक दोन्ही बदला. जुन्या हबवर नवं चाक घातलंत तर त्याचेही दाते लवकरच झिजतील. पुढच्या बाजूला किंगपिनला (पुढचं चाक ज्या खुंटावर वळतं त्याला) प्रत्येकी तीन ग्रीस निपल आहेत, दर तीन हजार मैलांना ग्रीस लागतं. वर्षानुवर्षं न मिळालेलं ग्रीस एका दिवसात आत जात नाही. चाक उचलून, स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवत, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरत राहा.

ओव्हरड्राइव्ह लागत नाही.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा, विजेच्या स्विचने लागणारा जादा गिअर. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी स्विच आणि वायर तपासा. बहुतेकदा तेच असतं. गिअरबॉक्समध्ये इंजिनचंच २०डब्ल्यू-५० ऑइल जातं, जाड गिअर ऑइल घालू नका.

पेट्रोल कोणतं?

इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. सुपरमध्ये ते पाच टक्क्यांपर्यंत असतं. एमजीबीला सुपरच द्या. शिशाचं पेट्रोल २००० पासून बंद झालंय आणि जुन्या ओतीव हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठका शिशाच्या भरवशावर होत्या. हेड कधी उतरलं तर कडक बैठका बसवून घ्या. तोवर बाटलीतलं अ‍ॅडिटिव्ह घाला आणि टॅपेटची फट बघत राहा. ती कमी होत गेली तर बैठका झिजताहेत.

सगळी गाडी खोलून, नटननट वेगळा करून करावी की थोडी थोडी?

थोडी थोडी. अर्धवट खोलून, डब्यांत भरून ‘प्रोजेक्ट’ म्हणून विकायला काढलेल्या एमजीबी कितीतरी दिसतात. प्रत्येक डब्यामागे कुणाचा तरी संपलेला उत्साह असतो. पत्रा सुरक्षित असेल तर ब्रेक, पेट्रोल, कूलिंग, टायर एवढं करून ती एक उन्हाळा चालवा. काय खरोखर करायला हवंय हे चालवताना कळतं. सीट फाटकी आहे, रंग उडालाय, असू द्या. घरच्यांनाही एकदा छप्पर उघडं टाकून कॉट्सवोल्ड्सला फिरवून आणलं की पुढच्या खर्चाची बोलणी सोपी जातात.

करून विकली तर फायदा?

नाही. पत्रेकाम आणि रंग बाहेरून करून घेतलात तर दोन्ही मिळून तयार, चांगल्या एमजीबीच्या किमतीपुढे सहज जातात. पैशाचाच हिशेब असेल तर कुणीतरी आधीच खर्च करून बसलेली गाडी घ्या. पडून राहिलेली घ्यायची ती हाताला काम हवं म्हणून.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी लागत नाही. मग कशाला करायची?

रोड टॅक्स नाही, मे २०१८ पासून एमओटीचीही सक्ती नाही, फक्त गाडीत फार मोठे बदल केलेले नसावेत. तरीही करून घ्या. गाडीखाली पडून आपण आपलंच काम बघतो तेव्हा आपल्याला जे बघायचंय तेच दिसतं. तिऱ्हाईत माणूस रॅम्पवर गाडी उचलून पक्कड लावतो तेव्हा सैल राहिलेला एक बॉल जॉइंट किंवा वळवायला विसरलेली स्प्लिट पिन सापडते. त्याच्या फीच्या मानाने हे स्वस्तच. सक्ती नसली तरी रस्त्यावर गाडी धोकादायक असेल तर जबाबदारी तुमचीच.

ही गाडी नाशिकला नेता येईल का? आणि तिकडे आमच्या वाड्यात पडलेल्या जुन्या गाडीला हे लागू होतं का?

पहिल्याचं उत्तर: शिपिंगचा भाव विचारायच्या आधी परदेश व्यापार महासंचालनालयाचे सध्याचे नियम आणि सीमाशुल्क लेखी घ्या. एजंट तोंडी काय सांगतो यावर कंटेनर भरू नका. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळ्या ‘व्हीए’ मालिकेच्या नंबराने नोंदवता येते, पण ती रोजच्या वापराला नाही.

दुसऱ्याचं: क्रम तोच, शत्रू वेगळे. तिकडे रस्त्यावर मीठ नाही, पण कोकणात आणि मुंबईत खारी हवा आहे आणि चार महिने पाऊस. त्यात पेट्रोल आता ई-२०. इथेनॉल पाणी ओढतं. पुरेसं ओढलं की पाणी-इथेनॉलचा थर पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतो, आणि नळीचं तोंड तिथेच असतं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटरच्या वाट्या रिकाम्या करून ठेवा आणि जुन्या रबराच्या नळ्या, वॉशर, डायफ्रॅम आजच बदला. तिकडे उंदीर वायरी कुरतडतात, इथे ते एअर फिल्टरमध्ये घर करतात. दोन्हीकडे सेल मारायच्या आधी फिल्टर उघडून बघाच.

एवढं करून पुन्हा हिवाळ्यात ठेवायची वेळ आली तर?

ठेवायच्या आधी ऑइल बदला, नंतर नाही. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंग खातं. कूलंटचं प्रमाण तपासा, नाहीतर गोठलेलं पाणी ब्लॉक फोडतं. टायरमध्ये थोडी जास्त हवा भरा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडाचे ठोकळे लावा. क्लचचं पेडल लाकडाच्या दांडक्याने दाबून अडकवून ठेवा. बॅटरी काढून घरात आणा. महिन्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करण्याची सवय असेल तर सोडा. तेवढ्यात ते तापत नाही, नुसतं पाणी साचतं आणि सायलेन्सर आतून कुजतो. एक तर वीस मैल चालवून आणा, नाहीतर मार्चपर्यंत हात लावू नका.